अन्नशास्त्राच्या उपासिका डॉ. कमलाबाई सोहोनी

थंडी पडू लागली की सुरत शहराच्या भाजीबाजाराला निराळीच शोभा येते. कतारगामच्या पापडीचे ढीग रचले जातात, घरोघरी उंधियूची तयारी सुरू होते आणि पहाटेच्या वेळी नीरेच्या केंद्रांपुढे माणसांची गर्दी जमते. याच दिवसांत आपल्या मराठी घरांतून वाल भिजत पडतात. भिजलेले वाल फडक्यात बांधून ठेवले जातात, मोड आले म्हणजे सोलले जातात आणि मग त्यांचे बिरडे होते. मोडाला आमच्या कोंकणीत किर्ल म्हणतात. नाव निराळे असले तरी भिजविण्याची, बांधण्याची आणि मोडाची वाट पाहण्याची रीत मात्र सर्वत्र एकच. पापडी आणि वाल ही तरी एकाच जातीच्या वेलाची दोन रूपे; एक कोवळी शेंग, दुसरा पिकून वाळलेला दाणा.

गेल्या हिवाळ्यात या वालावरून आमच्या वर्गात एक लहानसा प्रसंग घडला. मराठीचा तास चालू होता आणि बोलण्याच्या ओघात जेवणाचा विषय निघाला. नववीतील एका विद्यार्थिनीने आम्हांस विचारले की, मुगाचे मोड आपण कच्चे खातो, मग वालाचे मोड कच्चे का खाऊ देत नाहीत. आणि आजी वाल भिजविलेले पाणी न चुकता ओतून का देते? आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर. रसायनशास्त्र आमच्या वाट्यास शाळेपुरतेच आले. त्या दिवशी आम्ही उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी देतो असे सांगून वेळ मारून नेली. परंतु उत्तराचा शोध घेता घेता आम्ही एका अशा मराठी विदुषीच्या चरित्रापाशी येऊन पोहोचलो, जिने आपल्या आयुष्याची पुष्कळ वर्षे नेमक्या याच प्रकारच्या प्रश्नांना वाहिली होती. त्या म्हणजे डॉ. कमलाबाई सोहोनी. त्यांचे चरित्र आपल्या वाचकांपुढे ठेवावे, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. त्यांचे माहेरचे आडनाव भागवत. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगळूर येथील ज्या विज्ञानसंस्थेस त्या काळी लोक टाटा इन्स्टिट्यूट म्हणून ओळखत, त्या संस्थेत दोघांचेही शिक्षण झाले होते. ही संस्था १९०९ साली स्थापन झाली, ती जमशेटजी टाटा यांच्या दूरदृष्टीमुळे आणि त्यांच्या देणगीमुळे. जमशेटजी हे आपल्या सुरतेच्या शेजारच्या नवसारीचे सुपुत्र, ही गोष्ट येथील विद्यार्थ्यांनी अभिमानाने लक्षात ठेवावी. कमलाबाईंच्या वडील भगिनी म्हणजे थोर लेखिका व लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गाबाई भागवत. १९७५ साली कऱ्हाड येथील मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी आणीबाणीस निर्भयपणे विरोध केला, हे सर्वश्रुत आहे. दुर्गाबाईंनी साहित्याचा मार्ग धरला आणि कमलाबाईंनी विज्ञानाचा. पण अन्यायापुढे मान न तुकविण्याचा बाणा दोघी बहिणींनी एकाच घरातून घेतला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

रसायनशास्त्र हा मुख्य विषय आणि पदार्थविज्ञान हा दुय्यम विषय घेऊन कमलाबाई १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा उत्तीर्ण झाल्या. गुणवत्तायादीत त्यांचे नाव अग्रभागी होते. वडील आणि चुलते जेथे शिकले तेथेच जाऊन संशोधन करावे, अशी इच्छा मनात उत्पन्न होणे स्वाभाविकच होते. त्यांनी बंगळूरच्या संस्थेकडे अर्ज धाडला. त्याच वर्षी संस्थेच्या संचालकपदावर सर चंद्रशेखर वेंकट रामन आले होते. १९३० साली नोबेल पारितोषिक मिळवून ज्यांनी हिंदुस्थानचे नाव जगभर गाजविले, तेच हे रामन. परंतु थोर माणसाच्या ठिकाणीही एखादा पूर्वग्रह घर करून बसलेला असतो. संशोधन हे स्त्रियांचे काम नव्हे, अशी त्यांची समजूत होती आणि त्या एकाच कारणास्तव त्यांनी कमलाबाईंचा अर्ज नाकारला.

दुसरी एखादी मुलगी तेथेच थांबली असती. कमलाबाई मात्र मुंबईहून थेट बंगळुरास गेल्या. गुण कमी असते तर नकार त्यांनी मान्य केला असता. केवळ स्त्री म्हणून मिळालेला नकार त्यांना मान्य नव्हता. तो काळ महात्मा गांधींचा होता आणि सत्याग्रह हा शब्द देशातील प्रत्येक घरात पोहोचला होता. कमलाबाईंनी संचालकांच्या कार्यालयापाशी सत्याग्रह आरंभिला. अखेर रामन यांना त्यांस प्रवेश द्यावा लागला. पण तो अटींवर. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतही, काम करावे लागेल आणि त्यांच्या उपस्थितीमुळे प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये, अशा त्या अटी होत्या. यांतील शेवटची अट किती अपमानकारक होती, हे निराळे सांगावयास नको. कमलाबाईंनी अटी मान्य केल्या, परंतु तो अपमान त्या जन्मभर विसरल्या नाहीत. उतारवयातही त्यांनी त्याचा उघडपणे उल्लेख केला.

येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कमलाबाईंनी अपमान गिळला, तो काम करता यावे म्हणून. वर्षभरात त्यांनी असे काम करून दाखविले की, रामन यांचे समाधान झाले आणि संस्थेची दारे पुढे इतर विद्यार्थिनींनाही उघडली. एका मुलीने सोसले, त्याचा लाभ मागून येणाऱ्या अनेकींना झाला.

बंगळुरास त्यांना श्रीनिवासय्या हे मार्गदर्शक लाभले. ते शिस्तीचे कडक, पण विद्यादानात उदार होते. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. प्रथिन म्हणजे काय, हे थोडक्यात सांगणे येथे आवश्यक आहे. आपले स्नायू, रक्त, त्वचा, केस ही सर्व प्रथिनांची घडण. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची लांबच लांब माळ. मणी सुमारे वीस प्रकारचे. परंतु त्यांच्या मांडणीतून असंख्य माळा होतात. आपण डाळ खातो तेव्हा शरीर ती माळ तशीच उचलीत नाही. ती तोडून मणी सुटे करावे लागतात आणि त्या मण्यांतून शरीर आपली स्वतःची माळ ओवते. कडधान्यांच्या दाण्यांत वजनाचा जवळजवळ चौथा हिस्सा प्रथिनांचा असतो. तांदळात तो शंभरात सात-आठच भरतो. ज्या देशातील बहुसंख्य लोकांना मांस, मासळी किंवा दूध रोज परवडत नाही, त्या देशात डाळीच्या दाण्याचे महत्त्व किती, हे यावरून समजेल. या अभ्यासावर १९३६ साली कमलाबाईंना विशेष प्रावीण्यासह एम.एस्सी. पदवी मिळाली.

१९३७ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि केंब्रिज येथील न्यूनॅम महाविद्यालयात दाखल झाल्या. केंब्रिजची जीवरसायनशास्त्राची प्रयोगशाळा त्या वेळी जगात नावाजलेली होती. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल १९२९ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी झालेले सर फ्रेडरिक हॉपकिन्स हे तिचे प्रमुख होते. तेथे कमलाबाईंनी प्रथम डेरेक रिक्टर यांच्यासह आणि नंतर वनस्पतिशास्त्रातील मान्यवर संशोधक रॉबिन हिल यांच्यासह काम केले. त्यांच्यापुढे बटाट्यासारखी साधी वस्तू होती. बटाट्याच्या पेशी श्वसन कशा करतात, याचा शोध घेताना त्यांना त्या पेशींत सायटोक्रोम सी हे प्रथिन आढळले. प्राण्यांच्या पेशींत अन्नातील शक्ती मोकळी करण्याच्या कामी सायटोक्रोम साहाय्य करतात, हे ठाऊक झाले होते. वनस्पतींच्या पेशींतही तीच यंत्रणा आहे, हे या संशोधनाने स्पष्ट होऊ लागले. घोड्याच्या स्नायूत आणि जमिनीतील बटाट्यात श्वसनाचा मार्ग मुळात एकच असावा, ही केवढी आश्चर्याची गोष्ट! १९३९ साली हिल व कमलाबाई यांचे या विषयावरील टिपण नेचर या विख्यात नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी त्यांनी पीएच.डी. संपादन केली. त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीस पृष्ठांचा होता. प्रबंधाची जाडी आणि योग्यता यांचा संबंध नसतो, हे पदवीधरांनीही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या केंब्रिजने कमलाबाईंना प्रयोगशाळेत जागा दिली, त्या केंब्रिजमध्येही स्त्रियांना पदव्यांचे पूर्ण अधिकार त्या काळी नव्हते. १९२१ पासून त्यांना पदवीचे नाव तेवढे लावता येई. विद्यापीठाच्या पूर्ण सदस्यत्वाचा मान त्यांना १९४८ साली मिळाला. म्हणजे अडसर केवळ आपल्याच देशात होता असे नव्हे. कमलाबाईंच्या आधी १९३१ साली वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांना अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने डी.एस्सी. पदवी दिली होती. या अगदी मोजक्या भारतीय स्त्रियांच्या मालिकेत कमलाबाईंचे नाव मानाने घेतले जाते.

परदेशात राहून कीर्ती मिळविणे त्यांना अशक्य नव्हते. परंतु स्वदेशी परतून आपल्या लोकांसाठी काम करावे, ही ओढ प्रबळ ठरली आणि १९३९ साली त्या हिंदुस्थानात आल्या. प्रथम दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुखपद सांभाळले. त्यानंतर निलगिरीच्या डोंगरातील कुन्नूर येथील पोषण संशोधनशाळेत त्या साहाय्यक संचालक झाल्या व जीवनसत्त्वांचे परिणाम अभ्यासू लागल्या. हीच संशोधनशाळा १९५८ साली हैदराबादेस हलली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाते. १९४७ साली विमागणितज्ञ माधवराव सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईस आल्या. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत नव्याने निघालेल्या जीवरसायनशास्त्र विभागात त्या प्राध्यापक झाल्या. त्यांच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी कालखंड येथूनच सुरू झाला.

आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन कमलाबाईंनी तीन प्रकारच्या अन्नपदार्थांची निवड केली. कडधान्ये, धानाचे पीठ आणि नीरा हे ते तीन होत. ही निवडच त्यांच्या अंतःकरणाची साक्ष देते. राजवाड्यातील पक्वान्नांत त्यांना गोडी नव्हती. गरिबाच्या ताटात काय पडते आणि त्यातले त्याच्या अंगी किती लागते, हा त्यांचा प्रश्न होता. ताटात पडणे आणि अंगी लागणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही.

आता आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळू. आपल्या आतड्यात ट्रिप्सिन नावाचे एक विकर असते. विकर म्हणजे एन्झाइम. शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. ट्रिप्सिनचे काम प्रथिनांची माळ तोडण्याचे. परंतु अनेक कडधान्यांच्या दाण्यांत असे एक द्रव्य असते की, ते ट्रिप्सिनला जाऊन घट्ट चिकटते आणि त्याचे काम बंद पाडते. याला प्रतिरोधक म्हणू. कच्चे दाणे खाल्ले तर प्रथिन पोटात जाते, पण त्याचा बराच भाग न तुटता वाया जातो. १९१७ साली ऑस्बर्न आणि मेंडेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले होते की, कच्च्या सोयाबीनवर उंदरांची वाढ खुंटते आणि तेच सोयाबीन शिजवून दिले म्हणजे ते नीट वाढतात. १९४५ साली कुनिट्झ यांनी सोयाबीनमधील प्रतिरोधक स्फटिकरूपाने शुद्ध केला. परंतु सोयाबीन हे काही आपले रोजचे धान्य नव्हे. आपल्या भाज्यांत व कडधान्यांत काय आहे, हे आपल्याच माणसांनी पाहावयास हवे होते. ते काम कमलाबाईंनी हाती घेतले. १९५५ साली त्यांनी के. एस. अंबे यांच्यासह वाल आणि डबल बी या दोन कडधान्यांतील ट्रिप्सिन-प्रतिरोधक स्फटिकरूपात मिळविल्याचे नेचरमध्ये प्रसिद्ध केले. ज्या वालाचे बिरडे आपण आवडीने खातो, त्याच वालाच्या दाण्याने जगातील एका श्रेष्ठ वैज्ञानिक नियतकालिकात स्थान मिळविले!

दाण्यात हे प्रतिरोधक मुळी असतात तरी कशासाठी? बी म्हणजे झोपी गेलेले झाड. त्याच्यासोबत आईने शिदोरी बांधून दिलेली असते. कडधान्यात ती दोन डाळिंब्यांत साठविलेली असते. ही शिदोरी किडीने किंवा जनावराने फस्त करू नये, यासाठी जो बंदोबस्त असतो, त्याचाच प्रतिरोधक हा एक भाग होय. कोरडे बी दीर्घकाळ टिकते, कारण पाण्यावाचून त्यातील विकरे निश्चल, पण शाबूत राहतात. चीनमधील एका आटलेल्या सरोवराच्या मातीत सापडलेले सुमारे १३०० वर्षांपूर्वीचे कमळाचे बी विसाव्या शतकात शास्त्रज्ञांनी रुजवून दाखविले आहे. तेराशे वर्षे थांबलेली यंत्रणा पाणी मिळताच पुन्हा चालू झाली.

बी पाण्यात भिजले की ते फुगते, श्वसन जोराने सुरू होते आणि साठविलेल्या प्रथिनांच्या माळा तोडणारी विकरे कामाला लागतात. सुटे झालेले मणी अंकुराकडे वाहून नेले जातात व त्यांतून नवे मूळ, नवा कोंब घडतो. गहू, सातू यांसारख्या तृणधान्यांत ही व्यवस्था थोडी निराळी असते. तेथे अंकुरातून जिबरेलिन नावाचा संदेशवाहक पदार्थ निघतो आणि दाण्याच्या सालीखालील पातळ थराला जागे करतो. मग तो थर पिष्ट आणि प्रथिने फोडणारी विकरे तयार करून दाण्यात सोडतो. जिबरेलिनचा हा प्रभाव १९६० साली ऑस्ट्रेलियात पॅलेग यांनी आणि जपानात योमो यांनी स्वतंत्रपणे उघड केला.

मोड येत असताना अनेक कडधान्यांतील प्रतिरोधक कमी होऊ लागतात आणि काही प्रथिने आधीच सोपी होऊन जातात. परंतु ते सर्वच नाहीसे होत नाहीत. मुगात ते मुळातच कमी असतात, म्हणून मुगाचे थोडे मोड कच्चे खाल्ले तरी चालतात. वालात ते अधिक. म्हणून वालाला मोडही आणावे लागतात आणि नीट शिजवावेही लागते. उष्णतेने प्रतिरोधकाची घडी मोडते आणि त्याचा प्रभाव ओसरतो. भिजविलेल्या पाण्यात वालातील कडवट, तुरट द्रव्ये उतरतात, म्हणून ते पाणी ओतून दिले जाते. तेव्हा आजीच्या त्या रीतीत अंधश्रद्धेचा लवलेश नव्हता. भिजविणे, मोड आणणे, सोलणे आणि शिजविणे या चारही पायऱ्यांना अर्थ आहे. कमलाबाईंसारख्या संशोधकांच्या कामामुळे स्वयंपाकघरातील या पिढीजात शहाणपणामागील कारणे उलगडू लागली.

मोड आलेल्या धान्याचा उपयोग केवळ उसळीपुरता नाही. आपल्या शेजारच्या डांग जिल्ह्यात नागली पिकते. तिलाच आपण नाचणी म्हणतो. नागलीला मोड आणून, वाळवून, मंद भाजून दळलेले पीठ लहान मुलांसाठी उत्तम, हे गृहिणींना पूर्वापार ठाऊक आहे. १९८० नंतरच्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात यावर महत्त्वाचे संशोधन झाले. घट्ट पेजेत अशा मोडाच्या पिठाची चिमूट घातली की, त्यातील पिष्ट फोडणाऱ्या विकरामुळे पेज पातळ होते आणि तान्ह्या मुलाच्या इवल्याशा पोटात अधिक अन्न जाऊ शकते. मात्र पेज फार गरम असता कामा नये, आणि मोडाचे धान्य भाजतानाही आच मंदच हवी. कारण प्रखर उष्णतेने ते विकरही नष्ट होते. एकाच उष्णतेने वालातील प्रतिरोधक मारावयाचा आणि नागलीतील विकर जपावयाचे, हा विवेक ज्ञानावाचून येत नाही.

कमलाबाईंचे दुसरे मोठे काम नीरेवरचे. ताड, माड व खजूर या झाडांतून पाझरणारा हा गोड रस सूर्य वर येण्यापूर्वी प्यावा लागतो. ऊन चढले की तो आंबू लागतो. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेचा अभ्यास केला. त्यांना नीरेत अ व क ही जीवनसत्त्वे आणि लोह आढळले, आणि रस आटवून गूळ केला तरी हे गुण टिकून राहतात, असे त्यांनी दाखविले. आदिवासी समाजातील कुपोषित मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरेची भर घातली असता त्यांच्या प्रकृतीत सुधारणा होते, असेही त्यांना दिसून आले. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आपल्या शहरात पहाटे नीरेचा पेला हाती घेताना या विदुषीची आठवण करावी.

आरे येथील दुग्धप्रकल्पास दुधाचा दर्जा सुधारण्याच्या कामी त्यांनी सल्ला दिला. मुंबईच्या विज्ञान संस्थेचे संचालकपदही त्यांना मिळाले, पण ते वेळेवर नव्हे. पात्रता असूनही सुमारे चार वर्षे त्यांना त्या पदापासून दूर ठेवण्यात आले, आणि याचे कारण पुन्हा तेच, त्यांचे स्त्री असणे. १९३३ साली बंगळुरास जो दरवाजा त्यांनी ठोठावला होता, तसाच दरवाजा पन्नाशी जवळ आल्यावरही त्यांच्या वाटेत उभा होता. मात्र या चार वर्षांत त्यांची प्रयोगशाळा बंद पडली नाही.

निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १९६६ साली मुंबईत स्थापन झालेल्या कंझ्युमर गायडन्स सोसायटी या ग्राहकांच्या संस्थेत त्यांनी हिरिरीने काम केले. १९८२-८३ साली त्या संस्थेच्या अध्यक्षा होत्या. संस्थेच्या कीमत या नियतकालिकात त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लेख लिहिले. मराठी वाचकांसाठी त्यांनी आहारगाथा हे पुस्तकही लिहिले. केंब्रिजच्या पदवीधर विदुषीने मराठीतून आहार समजावून सांगावा, यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

१९९८ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नवी दिल्ली येथे त्यांचा सत्कार योजिला. देशाला त्यांची आठवण फार उशिरा झाली होती. त्या समारंभातच कमलाबाई कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांनी जगाचा निरोप घेतला. सत्काराचे शब्द कानी पडत असतानाच आयुष्य संपावे, यास दैवदुर्विलास म्हणावे की कृतार्थता, हे वाचकांनीच ठरवावे.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या शाळेत खानदेशातून, कोकणातून, विदर्भातून पोटापाण्यासाठी सुरतेस आलेल्या कुटुंबांची मुले-मुली शिकतात. वडील यंत्रमागावर किंवा हिऱ्याच्या कारखान्यात राबतात. दहावीचा निकाल लागला की अनेक घरांतून एकच विचार बोलला जातो: मुलीला विज्ञानशाखेस घालून काय करावयाचे, शिवाय ती मराठी माध्यमाची, तिला ते झेपेल काय? हे आम्ही पालकांच्या तोंडून दरवर्षी ऐकतो आणि दरवर्षी आमचे मन खंतावते. पैशाची अडचण आम्ही जाणतो, आणि तिच्यावर आमच्यापाशी तयार उपाय नाही. परंतु मुलगी म्हणून तिला झेपणार नाही, ही समजूत नोबेल पारितोषिक मिळविलेल्या पुरुषाचीही खोटी ठरली आहे, एवढे पालकांनी ध्यानात घ्यावे.

ज्या विद्यार्थिनीने आम्हांस वालाचा प्रश्न विचारला होता, तिला आम्ही उत्तर दिले, परंतु दुसऱ्या दिवशी नव्हे. पुरता महिना लागला. उत्तर ऐकून तिने लागलीच दुसरा प्रश्न विचारला: प्रतिरोधक कमी झाला, हे मोजतात कसे? याचे उत्तर आमच्यापाशी नाही, आणि ते आम्ही शोधणारही नाही. ते तिनेच शोधावे. यंदा ती दहावीत आहे. निकालानंतर तिच्या घरी जाऊन तिच्या वडिलांशी बोलण्याचे आम्ही ठरविले आहे, आणि जाताना कमलाबाईंचे हे चरित्र सोबत नेणार आहोत.